अँटिव्हायरसची तारीख कशी बघायची, आणि ती जुनी निघाली तर काय करायचं

आमच्या नात्यातल्या एका काकांचं तालुक्याच्या कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, शाळेचे अर्ज, लग्नाच्या पत्रिका. दिवसभरात पंचवीस-तीस पेन ड्राइव्ह त्या एकाच संगणकाला लागतात. गेल्या दिवाळीनंतर गिऱ्हाइकं तक्रार करू लागली की इथून पेन ड्राइव्ह नेला की आतल्या फाइली गायब होतात आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात. मी विचारलं, "काका, अँटिव्हायरस आहे ना?" ते म्हणाले, "आहे की गं. तो बघ खाली कोपऱ्यात."

खरंच होता. संगणक सुरू झाला की तोही सुरू व्हायचा, घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह दिसायचं. उघडून बघितलं तर शेवटचं अपडेट सोळा महिन्यांपूर्वीचं.

पुढे जे लिहिते आहे ते त्या रविवारी आम्ही दोघांनी बसून केलेलं काम आहे, जवळपास त्याच क्रमाने. संगणकाची फारशी सवय नसलेल्या माणसाला डोळ्यांपुढे धरून लिहिलं आहे. मेनूंची नावं विंडोजमध्ये सहसा इंग्रजीत दिसतात, इथे ती देवनागरीत दिली आहेत. वाचत वाचत पडद्यावर शोधा, सापडतील.

चिन्ह असतं, मग अडतं कुठे?

पोलीस ठाण्यात हवे असलेल्या गुन्हेगारांचे फोटो लावलेला फळा असतो. अँटिव्हायरस हा गेटवरचा हवालदार, आणि फळ्यावरचे फोटो म्हणजे त्याची व्हायरस यादी. कुणी तिला डेफिनिशन म्हणतं, कुणी सिग्नेचर, मायक्रोसॉफ्ट 'सिक्युरिटी इंटेलिजन्स' म्हणतं. हवालदार रोज हजर असला तरी फळ्यावर सोळा महिन्यांपूर्वीचे फोटो असतील तर त्यानंतर आलेले चोर त्याच्यासमोरून आत जातात. आजचे अँटिव्हायरस संशयास्पद वागणूकही ओळखतात आणि इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला विचारूनही घेतात, पण ती ओळखण्याची युक्तीसुद्धा अपडेटमधूनच येते. मायक्रोसॉफ्ट आपली यादी दिवसातून अनेकदा बदलतं. त्यावरून दोन-तीन आठवडे म्हणजे किती मोठा काळ आहे याचा अंदाज यावा.

'जुना अँटिव्हायरस' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. यादी जुनी झालेली असते. किंवा वर्षाचं लायसन्स संपलेलं असतं, म्हणून यादी येणं थांबलेलं असतं. किंवा मूळ प्रोग्रामच पाच-सात वर्षांपूर्वीचा असतो आणि कंपनीने त्या आवृत्तीला यादी पाठवणंच बंद केलेलं असतं. आणि चौथी, सगळ्यात अवघड: विंडोजच जुनं असतं. काकांच्या संगणकात दुसरी आणि चौथी, दोन्ही निघाल्या. आपल्याकडे यातलं काय आहे ते आधी ठरवा; नाहीतर लायसन्सचे पैसे भरून झाल्यावर कळतं की हा प्रोग्राम या विंडोजवर चालतच नाही.

आधी घड्याळ बघा

हे वाचून आश्चर्य वाटेल, पण मी पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यातली तारीख बघते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एक गोल, चपटा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालतं ते त्याच्यावर. तो मेला की दर वेळी सुरू करताना तारीख काही वर्षं मागे जाते. मग अपडेटच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, कारण तिथल्या प्रमाणपत्राची मुदत तुमच्या संगणकाच्या मते अजून सुरूच झालेली नसते. अपडेट 'फेल्ड' म्हणून थांबतं आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन लावत बसतो.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'डेट अँड टाइम' उघडा. टाइम झोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' असा असायला हवा. खाली 'सिंक नाऊ' दाबा. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली तर सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो आणि महाग नसतो. संगणक बंद करून प्लग काढल्याशिवाय मात्र कॅबिनेट उघडू नका.

गरजेच्या फाइलींची प्रत काढा

याच्यावर एकच परिच्छेद लिहिते, पण तो वगळू नका. अपडेट करताना, जुना प्रोग्राम काढताना किंवा स्कॅनमध्ये सापडलेली फाइल साफ करताना काहीतरी बिनसू शकतं. हिशेब, फोटो, गिऱ्हाइकांची कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर आला तर जोडलेली डिस्कही सोडत नाही, म्हणून काढून ठेवणं महत्त्वाचं. ही प्रत संशयाखालच्या संगणकातून काढलेली आहे हेही लक्षात असू द्या. फक्त आपल्या फाइली घ्या, कुठलेही प्रोग्राम घेऊ नका, आणि परत वापरण्याआधी ती डिस्क अद्ययावत अँटिव्हायरसने तपासा.

पहाऱ्यावर नेमकं कोण आहे?

विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्ट दाबून 'विंडोज सिक्युरिटी' असं इंग्रजीत टाइप करा. उघडलेल्या खिडकीत खाली डावीकडे 'सेटिंग्ज', त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. अँटिव्हायरस म्हणून कोणकोणती नावं नोंदलेली आहेत आणि त्यातलं कोणतं चालू आहे ते तिथे दिसतं.

अनेकांच्या संगणकात तीन नावं निघतात. विंडोजसोबत आलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, लॅपटॉप घेताना कंपनीने महिना-दोन महिन्यांसाठी फुकट दिलेला एक, आणि दुकानदाराने वरून घालून दिलेला एक. जास्त पहारेकरी म्हणजे जास्त सुरक्षा असं वाटतं, पण दोन अँटिव्हायरस एकाच फाइलीवर एकाच वेळी झडप घालतात, संगणक रडतखडत चालतो आणि कधी एक दुसऱ्याच्या यादीलाच व्हायरस समजतो. एकच ठेवा.

दुसरा अँटिव्हायरस चालू असताना डिफेंडर आपणहून बाजूला होतो. त्या दुसऱ्याचं लायसन्स संपलं की डिफेंडरने परत पुढे यावं अशी विंडोजची रचना आहे, आणि बहुतेकदा तसं घडतंही. पण संपलेला अँटिव्हायरस 'मी आहे' म्हणून नोंद अडवून बसल्याचंही मी पाहिलं आहे. म्हणून विंडोजवर सोपवू नका, ही खिडकी उघडून स्वतः बघा.

डिफेंडर असेल तर

घरगुती वापरासाठी डिफेंडर पुरेसा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तो फुकट आहे, त्याचं लायसन्स संपत नाही आणि तो विंडोज अपडेटबरोबर आपोआप ताजा होतो. निदान व्हायला हवा.

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा. थोडं खाली 'प्रोटेक्शन अपडेट्स' आहे. तिथे 'लास्ट अपडेट' पुढे तारीख आणि वेळ असते. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही तारीख बघायची जागा घ्या. आजची किंवा कालची असेल तर ठीक. आठवड्यापेक्षा जुनी असेल तर 'चेक फॉर अपडेट्स' दाबा आणि काम संपेपर्यंत खिडकी उघडी ठेवा.

अपडेट येतच नसेल तर कारणं सहसा साधी असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवत असाल तर ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदलेली असू शकते. डेटा वाचवण्यासाठी विंडोज मग बरीच डाउनलोड रोखून धरतं. वाय-फायच्या गुणधर्मांमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' बंद करा, अपडेट झालं की हवं तर परत चालू करा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तरी अपडेट अडतं. सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम', 'स्टोरेज' इथून तात्पुरत्या फाइली काढून काही जीबी जागा करा. आणि कुणीतरी 'संगणक स्लो होतो' म्हणून विंडोज अपडेटच बंद करून ठेवलेलं असतं. गावोगावचे फॉरमॅट मारून देणारे हे हमखास करतात. विंडोज अपडेटच्या पानावर 'रिझ्यूम अपडेट्स' असं बटण दिसलं तर ते दाबा.

याच खिडकीत आणखी एक जागा बघायलाच हवी. 'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' आहे. ज्या फोल्डरकडे बघू नकोस असं अँटिव्हायरसला सांगितलेलं असतं, त्यांची ही यादी. चोरीचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून क्रॅक घालणारा माणूस पहिलं काम हेच करतो. काकांच्या संगणकात अख्खा सी ड्राइव्ह त्या यादीत होता! म्हणजे उद्या अपडेट केलं असतं तरी हवालदाराच्या डोळ्यांवर पट्टीच. तुम्ही स्वतः जे घातलेलं नाही आणि ज्याचं कारण तुम्हाला ठाऊक नाही, ते सगळं तिथून काढा.

विकतचा अँटिव्हायरस असेल तर

घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवी क्लिक केली की बहुतेक सगळ्यांत 'अपडेट नाऊ' मिळतं. मुख्य खिडकीत 'अबाउट' किंवा 'स्टेटस' अशा नावाखाली दोन तारखा असतात: यादीची आणि लायसन्स संपण्याची. दोन्ही कागदावर लिहून घ्या.

यादी जुनी, लायसन्स शिल्लक: अपडेट चालवा, संगणक पुन्हा सुरू करा, तारीख बदलली का बघा.

लायसन्स संपलेलं: इथे थांबून विचार करा. ते परत घ्यायलाच हवं असं नाही. घरात एक लॅपटॉप, वीजबिल आणि मुलांचा अभ्यास एवढाच वापर असेल तर तो काढून डिफेंडरवर यायला हरकत नाही. दुकान किंवा ऑफिस असेल, रोज परकी पेन ड्राइव्ह लागत असतील, अडल्यावर फोनवर मराठीत बोलणारं कुणी हवं असेल, तर विकतचा घेण्यात अर्थ आहे. काकांनी तेच ठरवलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून कैलास आणि संजय काटकर या भावांनी उभी केलेली क्विक हील आपल्याकडच्या दुकानदारांना माहीत असते, पण याद्या वेळेवर देणारी कुठलीही नावाजलेली कंपनी चालेल. खरेदीआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: ही लायसन्स-की (पडद्यावर घालायचा क्रमांक) नव्या खरेदीची आहे का नूतनीकरणाची, आणि माझ्या विंडोजवर हा प्रोग्राम चालतो का. पैसे दिल्यावर की घालून लायसन्सची नवी तारीख पडद्यावर दिसेपर्यंत पावती टाकू नका.

आवृत्तीच जुनी: नुसती की घालून उपयोग नाही. कंपनीच्या साइटवरून नवी आवृत्ती उतरवून घ्या, जुनी काढा, मग नवी घाला. काढायचं ते सेटिंग्जमधल्या 'अ‍ॅप्स' मधून. तिथून निघाला नाही किंवा निघूनही त्याचे अवशेष राहिले तर बहुतेक कंपन्यांचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं, ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. जुना काढल्यावर संगणक पुन्हा सुरू करा आणि नवा घालेपर्यंत कुठलंही संकेतस्थळ उघडू नका.

कधी कंपनीचं दारच बंद होतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीचं आठवत असेल. तिथल्या सरकारने बंदी घातली, जुलै २०२४ मध्ये नवी विक्री थांबली आणि २९ सप्टेंबर २०२४ नंतर अपडेटही. असं झालं की पैसे भरलेले महिने शिल्लक आहेत म्हणून तो प्रोग्राम धरून बसू नये.

विंडोजच जुनं असेल तर

की-बोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण धरून आर दाबा. छोट्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर मारा. विंडोज कोणतं ते समोर येतं.

विंडोज ११ असेल तर विंडोज अपडेट चालवून पुढे चला. विंडोज १० ची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षा अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय केली, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. विंडोज अपडेटच्या पानावर 'एन्रोल नाऊ' दिसतं का बघा. आवृत्ती २२एच२ असावी लागते आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. डिफेंडरची यादी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. हे वाचून निर्धास्त होऊ नका. यादी ताजी असणं वेगळं आणि विंडोजमधली भोकं बुजवलेली असणं वेगळं.

या भोकांचं एक उदाहरण मनात पक्कं बसावं म्हणून सांगते. विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर आला तो त्याच त्रुटीतून. जवळपास दोन महिने औषध फुकट उपलब्ध होतं. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते संगणक कुणी काही क्लिक न करताही एकापाठोपाठ एक कुलूपबंद होत गेले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मेर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं काम ठप्प केलं आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्यांचं टर्मिनलही थांबलं. पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच त्रुटी होती.

विंडोज ८.१ ची मदत १० जानेवारी २०२३ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, एक्सपीची तर ८ एप्रिल २०१४ ला. विंडोज ७ वाल्यांची एक हमखास फसगत होते. त्यात 'विंडोज डिफेंडर' नावाचा प्रोग्राम असतो, पण तो पूर्ण अँटिव्हायरस नाही. त्या काळी तो फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप हेरगिरी करणारे प्रोग्राम, पकडायचा. आणि २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची डिजिटल सही एसएचए-२ या नव्या पद्धतीची केली. ती ओळखण्याचं अपडेट ज्या विंडोज ७ वर कधी घातलंच नाही, त्यावर पुढची अपडेट स्वीकारली जात नाहीत. अँटिव्हायरस 'अपडेट फेल्ड' म्हणत राहतो याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

तो जुना संगणक टाकून देता येत नसेल तर

"मग नवा घ्या" असं सांगणं सोपं असतं. काकांच्या दुकानात दुसरा संगणक आहे, विंडोज ७ चा. त्यावर पानं मांडायचा जुना प्रोग्राम पेजमेकर आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या वीस वर्षांच्या पत्रिका, ठराव, अहवाल आहेत. महाराष्ट्रातल्या शेकडो डीटीपीवाल्यांची हीच अडचण आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय त्या फाइलींत आहे.

अशा संगणकाला इंटरनेट देऊ नका. केबल काढा, वाय-फायचं डोंगल काढा. अँटिव्हायरसची यादी तरी त्याला लागतेच, कारण पेन ड्राइव्ह येत राहणार. त्यासाठी ऑफलाइन अपडेट असतं. अँटिव्हायरस कंपनीच्या साइटवर तुमच्या आवृत्तीची अपडेट फाइल मिळते का बघा. ती चांगल्या संगणकावर उतरवा, पेन ड्राइव्हने नेऊन जुन्या संगणकावर चालवा. विंडोज १० किंवा ११ असलेल्या पण इंटरनेट नसलेल्या संगणकासाठी मायक्रोसॉफ्टही डिफेंडरची अशी फाइल देतं. तिचा आकार १०० एमबीच्या वर असतो आणि ३२ बिट की ६४ बिट हे आधी बघून घ्यावं लागतं. हे महिन्यातून दोनदा करा आणि त्या कामाचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यावर गिऱ्हाइकाचं काहीही घेऊ नका.

त्या संगणकावर बँक, ईमेल, आधारचं काम अजिबात नाही. काकांनी ते एका पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरवर चिकटवलं आहे, कारण दुकानात काम करणारी मुलं बदलत असतात.

अपडेट झालं, आता स्कॅन

नवी यादी आली म्हणून आधी घुसलेला व्हायरस आपोआप निघत नाही. 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'फुल स्कॅन' लावा. त्याला काही तास लागतात. लॅपटॉप चार्जिंगला लावा, लोडशेडिंगचा दिवस टाळा, रात्री लावून झोपा. काही सापडलं आणि ते निघत नसेल तर त्याच यादीत 'ऑफलाइन स्कॅन' आहे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला हातपाय हलवायला वेळ मिळत नाही. त्याआधी उघडी कामं सेव्ह करा. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही सफाईची साधनं फुकट देतं, दुसरं मत म्हणून ती चालवता येतात.

स्कॅन पुरा होऊन संगणक स्वच्छ निघेपर्यंत त्यावरून बँकेत शिरू नका. काही सापडलं असेल तर पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून किंवा फोनवरून.

आता ते शॉर्टकटवाले पेन ड्राइव्ह. बहुतेक वेळा फाइली गेलेल्या नसतात, व्हायरसने त्या लपवलेल्या असतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केली की फाइल उघडतेही, म्हणून संशय येत नाही, आणि त्याच क्लिकने व्हायरस आपल्या संगणकात शिरतो. म्हणून आधी संगणक साफ करा, मगच पेन ड्राइव्ह लावा. लावल्यावर उघडू नका. त्याच्या चिन्हावर उजवी क्लिक करून स्कॅन करा. नंतर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'हिडन आयटम्स' वर खूण करा. तरीही काही दिसत नसेल तर 'फोल्डर ऑप्शन्स' मधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' ही खूण काढा. फाइली फिकट रंगात दिसू लागतील. त्या कॉपी करून घ्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा, फाइली परत टाका आणि काढलेली खूण पुन्हा लावा. काकांनी त्या आठवड्यात ओळखीच्या नऊ-दहा गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह पैसे न घेता असे साफ करून दिले.

अपडेटच्या नावाखाली येणारे

अँटिव्हायरस संपत आला की खऱ्या सूचनांबरोबर खोट्याही येतात. ब्राउझरमध्ये, उजव्या कोपऱ्यात, लाल अक्षरांत: तुमचं संरक्षण संपलं, इथे दाबा. यातल्या बऱ्याच सूचना अँटिव्हायरसच्या नसतात. कधीतरी एखाद्या साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलं, त्या साइटची ती जाहिरात असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जा आणि अनोळखी नावं काढून टाका. लायसन्सची खरी तारीख फक्त अँटिव्हायरसची स्वतःची खिडकी उघडूनच बघायची.

मायक्रोसॉफ्ट किंवा कुठलीही अँटिव्हायरस कंपनी तुमच्या संगणकात व्हायरस दिसला म्हणून आपणहून फोन करत नाही. असा फोन आला आणि दुरून तुमचा संगणक चालवू देणारं एनीडेस्कसारखं अ‍ॅप घालायला सांगितलं तर फोन ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले होते. मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून उघडकीला आलेली, तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशातल्या लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरं त्यात होती. पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

"अपडेटनेच बिघडतं" असं कुणी म्हणालं तर

ते अगदीच खोटं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पण ते कंपन्यांसाठीचं उत्पादन होतं, चूक दीड तासाच्या आत मागे घेतली गेली, आणि कुणाच्या फाइली चोरीला गेल्या नाहीत. अशा दिवसासाठी कपाटातली ती हार्ड डिस्क आहे.

काम करतोय का, हे तपासायचं असेल तर

आयकार या युरोपियन संस्थेने ठरवलेली एक चाचणी फाइल आहे, अवघ्या ६८ अक्षरांची. ती व्हायरस नाही, तिच्याने काहीही बिघडत नाही. फक्त जगातल्या अँटिव्हायरसनी तिला व्हायरस म्हणून पकडायचं असं ठरलेलं आहे. आयकारच्या साइटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. उतरण्याआधीच अडवली गेली किंवा लगेच इशारा आला तर पहारा जागा आहे. काहीच झालं नाही तर 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' बंद आहे का बघा. ऑफिसच्या संगणकावर हे करण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना सांगा, नाहीतर त्यांची धावपळ होते.

काकांच्या कॅबिनेटवर आता पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा आहे. वर लायसन्स संपण्याची तारीख आणि त्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख लाल पेनाने. खाली दर सोमवारी दुकान उघडल्यावर यादीची तारीख लिहायची, आणि ती आठवड्याहून जुनी असेल तर पहिला पेन ड्राइव्ह लावण्याआधी अपडेट. गेल्या सोमवारी मी नसताना त्यांच्याकडच्या मुलाने ते केलं आणि मला पडद्याचा फोटो पाठवला.